आपण, आम्ही आणि तो

"तुझा माणूस गेला गं," नोरीननं फोनवर सांगितलं.

मी डब्लिनला, सँडीफोर्डच्या ऑफिसात, मीटिंगमधून मीटिंगमध्ये जाताना पॅसेजमध्ये उभी होते. आयर्लंडमध्ये 'युअर मॅन' म्हणजे तुमचा नवरा नव्हे आणि यारही नव्हे. 'तो, तो अमका' एवढाच त्याचा अर्थ. हे मला कळायला वेळ लागला. स्लायगोला राहायला गेले त्या पहिल्याच आठवड्यात कुंपणापलीकडून याच नोरीननं विचारलं होतं, "तुझा माणूस कसा आहे?" मी ताठ होऊन सांगितलं की माझं लग्न झालेलं नाही, आणि ते गृहस्थ माझे घरमालक आहेत. ती बाई कुंपणाला धरून हसली. पुढे महिनाभर रस्त्यावरचा जो तो मला "तुझा माणूस काय म्हणतो?" असं मुद्दाम विचारायचा. त्या दिवशी फोनवर मात्र ते शब्द मला मराठीतूनच ऐकू आले.

तो जर्मन होता. सोळाव्या वर्षी कारखान्यात लेथवर उभा राहिला, तिथे युनियनचा पुढारी झाला, पुढे शहराच्या नगरपालिकेत निवडून गेला. बायको इथली, स्लायगोची. तिकडे नर्स होती. निवृत्तीनंतर ती म्हणाली, आता माझ्या गावी राहू. राहायला आले आणि दुसऱ्याच वर्षी ती गेली. हा राहिला. परत का जात नाही असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "ती इथे आहे ना." म्हणजे टेकाडाखालच्या दफनभूमीत.

डब्लिनची भाडी परवडेनात आणि ऑफिसला आठवड्यातून एकच दिवस तोंड दाखवलं की भागत होतं, म्हणून मी त्याची वरची खोली घेतली. नागपूरला आईला कळवलं तर तिचा पहिला प्रश्न, "जर्मन? म्हातारा? काहून वं, घरात आणखी कोणी नाही का त्याले?"

"कोणी नाही."

"मग जेवण कोण रांधते त्याचं?" आईची काळजी बघता बघता माझ्यावरून त्याच्यावर गेली, ती कायमचीच.

दर रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या घरात सभा भरायची. सभासद दोन. तो इस्त्रीचा शर्ट घालून बसायचा. मी पहिल्या रविवारी पायजम्यात खाली आले आणि त्याच्याकडे बघून परत वर पळाले. आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं जायचं. मग विषय. कचऱ्याचे डबे. पाणी तापवायच्या टाकीचा खटका, ज्याला इथे इमर्शन म्हणतात आणि जो चालू राहिला की वीजबिलाच्या धास्तीनं अख्ख्या आयर्लंडला झोप लागत नाही. कपाटातल्या कपांची जागा. कपाटाला इथे 'प्रेस' म्हणतात, आणि त्यात निळ्या फुलांचा एक कप होता, तो कुणीही वापरायचा नव्हता. तो कधी विषयपत्रिकेवर आला नाही.

मतदान व्हायचंच. एकास एक झालं तर अध्यक्षाचं जादा मत, आणि अध्यक्ष दर आठवड्याला बदलायचा. त्यामुळे एका रविवारी ठराव झाला की इमर्शन रात्रभर बंद, दुसऱ्या रविवारी मी तो रद्द केला, तिसऱ्या रविवारी त्यानं पुन्हा आणला. असं सव्वा वर्ष चाललं. मी चिडून म्हटलं, हा काय पोरखेळ आहे? तो शांतपणे म्हणाला, "याला लोकशाही म्हणतात. पोहे घेऊ का अजून?"

पोहे मात्र एकमतानं मंजूर होते. नागपूरच्या पद्धतीचे, वर झणझणीत तर्री ओतलेले. त्याच्या नाकाडोळ्यातून पाणी वाहायचं आणि तो इतिवृत्तात लिहायचा, 'नाश्ता समाधानकारक.'

आणि बोलायचं असलं की हात वर करायचा. स्वयंपाकघरात आम्ही दोघंच, मी भाजी चिरतेय, तो मागे टेबलाशी बसलेला. बराच वेळ काही आवाज नाही म्हणून मागे वळून बघावं तर बाबा हात वर करून बसलेला! किती वेळ, देव जाणे. "बोल ना बाबा," म्हटलं की हात खाली घेऊन, "मिरची कमी टाक."

मी इथे त्याला अरे-तुरे करतेय, हा माझा उद्धटपणा नव्हे. तो पहिल्याच सभेतला ठराव आहे. इंग्रजीत सगळ्यांना 'यू', तिथे प्रश्नच नव्हता. पण त्यानं मला विचारलं, तुझ्या भाषेत 'यू' एक की दोन? मी म्हटलं, दोन. तू आणि तुम्ही.

"आमच्याकडेही दोन. मग तू मनात मला काय म्हणतेस?"

"मनात?"

"डोक्यात. माझ्याबद्दल विचार करतेस तेव्हा."

"तुम्ही," मी म्हटलं. "वयानं मोठे आहात."

"बंद कर ते," तो म्हणाला. ठराव मांडला, मला हात वर करायला लावला, वहीत लिहिला. तेव्हापासून मनातदेखील तू. आईला सांगितलं तर म्हणाली, हे काय भलतंच, आजोबाच्या वयाच्या माणसाला! तिनं शेवटपर्यंत 'ते आजोबा'च म्हटलं.

त्याची ही 'तू'ची हौस कुठून आली ते खूप नंतर कळलं. एकदा बाहेर आडवातिडवा पाऊस झोडपत होता, वीज गेली होती, आणि तो स्वतःहून बोलायला लागला. युनियनमध्ये सगळे सगळ्यांना 'तू' म्हणत. फोरमन, मेकॅनिक, झाडूवाला, सगळे तू. नगरपालिकेत गेल्यावरही कारखान्याच्या फाटकाशी तू-तूच चालायचं. मग एक वर्ष असं आलं की पालिकेच्या तिजोरीत खडखडाट झाला आणि शहराचा पोहण्याचा तलाव बंद करायचा प्रस्ताव आला. कामगारांची पोरं तिथे पोहायला शिकायची. तिथले नोकर त्याच्याच युनियनचे. पक्षानं ठरवलं, बंद. यानं हात वर केला.

"का केलास?" मी विचारलं.

"सगळ्यांनी केला होता. आजूबाजूला हात वर असले की आपला जड लागत नाही."

दुसऱ्या दिवशी बाजारात त्याला शेजारच्या लेथवरचा दोस्त भेटला. तीस वर्षांची मैत्री, एका डब्यातलं जेवण. यानं हात पुढे केला. दोस्तानं हातात हात दिला, थोडा वाकला, आणि म्हणाला, "नमस्कार. आपली तब्येत कशी आहे? घरी सगळे बरे आहेत ना आपल्या?"

"शिवी दिली असती तरी चाललं असतं गं," तो म्हणाला. "त्यानं मला अहो म्हटलं."

 मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या नागपूरच्या घरी बाबा आणि काका भांडले तेव्हा काका दारात उभं राहून 'येऊ का आत, आपली परवानगी असेल तर' म्हणाला होता, आणि आई स्वयंपाकघरात रडायला लागली होती.

माणसांत असायची त्याला तहान होती, आणि ती भागवायच्या त्याच्या युक्त्या वेड्यासारख्या होत्या. रोज सकाळी पोस्टात जाऊन तो एक तिकीट आणायचा. एकच. रांगेत उभं राहायला मिळतं, रांगेत लोक हवापाण्याचं बोलतात, म्हणून. पत्रं कुणाला लिहायचा नाही. एकदा बिस्किटं शोधताना मला पत्र्याचा डबा सापडला, तोंडापर्यंत तिकिटांनी भरलेला. मी झाकण लावून तो होता तसा ठेवून दिला, आणि नंतर बराच वेळ उगाच ओटा पुसत राहिले.

मी घरात असले तरी दिवसभर वरच्या खोलीत हेडफोन लावून लॅपटॉपला जुंपलेली. संध्याकाळी खाली आले की तो दिवसभराची बातमी सांगायचा. बातमी असायची ती अशी: पोस्टमन आज उशिरा आला. नोरीनच्या मांजरीनं पक्षी मारला. मी दमलेली असले की "हं, हं" करत फोन चाळत बसायचे. त्याला ते कळत होतं. तो आपली बातमी आटोपती घ्यायचा.

आता 'आपण' आणि 'आम्ही' या दोन शब्दांचं सांगते.

एका रविवारी सभेच्या आधी आईचा फोन आला. मी स्पीकरवर टाकून कांदा चिरत बोलत होते. फोन ठेवला तर मागे याचा हात वर.

"तू आईशी बोलताना 'वुई' दोनदा म्हणालीस," तो म्हणाला. "पण शब्द दोन वेगळे होते."

त्याचा कान असा होता. मी आठवून बघितलं. "हो. 'आम्ही आता पोहे खाणार' म्हणाले. आणि मग 'दिवाळीत आपण गोव्याला जाऊ' म्हणाले."

"फरक काय?"

"पोह्यांत आई नाहीये ना. पोहे आपल्या दोघांचे. म्हणून आईला सांगताना 'आम्ही'. गोव्याला ती पण येणार, म्हणून 'आपण'. ज्याच्याशी बोलतोय तो आत असेल तर आपण, बाहेर असेल तर आम्ही."

त्यानं चमचा खाली ठेवला. "पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.

"चाळीस वर्षं," तो म्हणाला, "चाळीस वर्षं मी अशा बैठकांत बसलो जिथे मालक म्हणायचा, आता वुई सगळ्यांनी कंबर कसली पाहिजे. वुई! आणि माझ्याकडे विचारायला शब्दच नव्हता की बाबा रे, यातला कुठला?" तो उठून येरझाऱ्या घालायला लागला. "इंग्रजीत एक. जर्मनमध्ये एक. आणि तुम्ही लोक लहान मुलांना दोन शिकवता? फुकट?"

त्या दिवशी सभा झालीच नाही. तेव्हापासून रेडिओवर मंत्री बोलायला लागला की हा खालून ओरडायचा, "आम्ही! हा आम्हीवाला आहे!" मला वर हेडफोनमधून ऐकू यायचं. घरातलं सगळं मात्र 'आपण'. आपण कचरा आज ठेवायचा का, आपण दूध आणायचं का. 'ण' त्याला जमायचा नाही, तो 'आपन' म्हणायचा. आईनं फोनवर ऐकलं आणि खूश झाली. "बोलते तर अगदी आपल्याच गावच्यावानी!"

'आपण' हा शब्द फार आदरानं समोरच्यालाही म्हणतात, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. त्या बाजारातल्या गोष्टीनंतर माझी जीभच रेटली नाही.

पुढच्या वसंतात आमच्या वस्तीतून इस्पितळाकडे जाणारी बस बंद होणार असं कळलं. आमच्याकडे म्हातारीकोतारी माणसं फार. सगळे हळहळले, "टेरिबल, टेरिबल" म्हणाले आणि घरी गेले. हा घरी आला नाही. बसथांब्यावर दोन तास बसून राहिला. रविवारच्या सभेत एकच विषय होता: नगरपालिकेच्या निवडणुकीला उभं राहणं.

आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीला पासपोर्ट कुठला हे बघत नाहीत, इथे राहता असलात की पुरे. उभंही राहता येतं, मतही देता येतं. म्हणजे तो जर्मन उमेदवार आणि मी नागपूरकर मतदार, दोन्ही कायदेशीर.

"तुला परत त्या भानगडीत कशाला पडायचंय?" मी म्हटलं.

त्यानं वहीवर पेन ठेवलं. मग म्हणाला, "मागच्या वेळी मी हात वर केला तेव्हा लोकांनी मला बाहेर काढलं, आणि बरोबर केलं. एकदा तरी कुणी मला परत आत घ्यावं. इथल्यांनी घेतलं तरी चालेल." आणि मराठीत म्हणाला, "आपण जिंकलो, असं कुणीतरी मला म्हटलं पाहिजे."

मी हात वर केला. ठराव एकमतानं मंजूर.

मग दोन महिने आम्ही संध्याकाळी दारोदार हिंडलो. सहा फुटी जर्मन म्हातारा आणि त्याच्या काखेपर्यंत येणारी सावळी बाई, हातात पत्रकं. निम्म्या लोकांना वाटलं आम्ही नवा धर्म विकायला आलोय. पण दार कुणी लावून घेतलं नाही. आयरिश माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. "अरे तू काही काळजी करू नकोस, यू आर ग्रँड." "मी बघते तुझं." "तुझंच आहे माझं मत, दुसऱ्या कुणाचं!" नोरीन तर हात धरून म्हणाली, "पहिला नंबर तुला, राजा."

पहिला नंबर म्हणजे काय ते सांगायला हवं. इथे शिक्का मारत नाहीत. नावांपुढे आवडीप्रमाणे एक, दोन, तीन असे आकडे लिहायचे. आधी सगळ्यांचे 'एक' मोजतात. ज्याचे फारच कमी, तो बाद. मग चार-पाच कुणी लिहिले होते ते विचारायला कोणी येत नाही.

तो प्रत्येक दारातून निघाला की वहीत नाव लिहून पुढे खूण करायचा. मी म्हटलं, "अरे, हे 'हो' नाहीये. आमच्याकडे 'बघू' म्हणतात ना, तसलं आहे हे. तोंडदेखलं."

"ती म्हणाली पहिला नंबर."

"म्हणाली रे, पण..."

"माणसानं हो म्हटलं की मी हो लिहितो," तो म्हणाला. "नाहीतर मग मी लिहू तरी काय?"

वहीतलं पहिलंच नाव माझं होतं.

मतदान शुक्रवारी होतं. त्याच आठवड्यात आमच्या नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज, म्हणून मी बुधवारीच डब्लिनला आले होते आणि सँडीफोर्डला मैत्रिणीच्या फ्लॅटवर राहिले होते. शुक्रवारी दुपारी काम संपलं. स्लायगोची गाडी मिळाली असती. तीन तासांचा प्रवास, मतदान रात्री दहापर्यंत. बॅग भरली होती. तेवढ्यात मैत्रीण म्हणाली, "थांब ना यार, संध्याकाळी मिसळ करतोय, सगळी पुण्या-मुंबईची गँग येतेय. एका मतानं काय होतंय?"

खरं सांगायचं तर तिला फार आग्रह करावा लागला नाही. मला मराठीत भांडायचं होतं, मराठीत हसायचं होतं. त्या ओल्या गावात पोस्टमनची बातमी ऐकायला एक दिवस उशिरा गेलं तर काय बिघडतं, असं मला वाटलं. हो, असंच वाटलं. मी राहिले.

साडेसातला त्याचा फोन आला. मी बाल्कनीत गेले.

"मत दिलंस?"

"हो," मी म्हटलं. विचार न करता, फट्दिशी, जसं कुणी दारात उभं राहिल्यावर म्हणतात तसं.

"कधी? घरी आली नाहीस?"

आता निस्तरायलाच हवं होतं. "दुपारच्या गाडीनं आले, स्टेशनवरून टॅक्सीनं थेट मतदानाच्या शाळेत, मत दिलं आणि लगेच परतीची गाडी पकडली. रात्री ऑफिसला पुन्हा काम आहे ना."

खालून ट्राम गेली, तिची घंटा वाजली. "गाडीत आहेस का आत्ता?" त्यानं विचारलं.

"हो."

 मला वाटलं पकडलं. मग घसा साफ केल्यासारखा आवाज आला. "तू सहा तास गाडीत बसलीस? माझ्यासाठी?"

आतून कुणीतरी ओरडलं, "ए, तर्री संपतेय हां!" मी फोनवर हात ठेवला. त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. मी म्हटलं, "एवढं काय त्यात."



शनिवारी पहिल्या गाडीनं निघाले. मतमोजणी एका मोठ्या क्रीडागृहात होती. वर बास्केटबॉलच्या जाळ्या, खाली लांबलचक टेबलं. टेबलांपुढे लोखंडी कठडा, आणि कठड्याला पोट टेकवून सगळ्या पक्षांची माणसं पेन्सिल घेऊन उभी. इथे एकेका शाळेची पेटी वेगळी उघडतात, कागद सरळ करून ठेवतात, आणि कठड्यामागची माणसं बघून बघून रेघा मारत जातात. कुठल्या वस्तीनं कुणाला मत दिलं ते दुपारपर्यंत सगळ्या गावाला ठाऊक.

तो कठड्याच्या टोकाला उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात कागद. मी जवळ जायच्या आत त्याच्या शेजारचा एक लालबुंद गृहस्थ वळला. "ही का ती? सहा तास गाडीत बसून मत द्यायला आलेली? फेअर प्ले टू यू, शाब्बास पोरी! सकाळपासून तुझंच सांगतोय हा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्याच्याकडे बघितलं. तो त्या गृहस्थाकडे बघून सभ्यपणे हसला, आणि माझ्या कोपराला धरून मला बाजूला, भिंतीशी घेऊन गेला.

"आम्ही हरलो," तो म्हणाला. मराठीत.

माझी सवय जाईना. "आपण," मी म्हटलं. "आपण हरलो, असं म्हणायचं."

"नाही," तो म्हणाला.

त्यानं हातातला कागद पुढे केला. प्रत्येक पेटीची एक ओळ. कुठे पाच-सहा रेघा, कुठे दोन. आमच्या शाळेच्या ओळीत त्याच्या नावापुढे एकच रेघ होती.

"चार नंबर, पाच नंबर पुष्कळ आहेत," तो म्हणाला. "नोरीन मघाशी येऊन सांगून गेली, मी तुला चौथा दिला. तिनं शब्द पाळला, थोडासा. पण पहिला एकच."

"तो..." मी म्हटलं. तो माझा, असं म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. देवाशपथ, उघडलं होतं. पण त्याआधीच मनात आलं, घरात मत देणारे आम्ही दोघं, मग त्याचं स्वतःचं मत कुठे, आणि तोंड मिटलं.

"तो कागद उघडला तेव्हा टेबलावरच्या बाईनं उचलून धरला," तो म्हणाला. "साहेबाला विचारलं, हा एक आहे की सात? आम्ही जर्मन लोक एक लिहिताना आधी खालून वर लांब रेघ ओढतो. इथल्या लोकांना तो सात दिसतो. ते हसले. बाकी कागद कोरा होता, म्हणून एक धरला." त्यानं कागदाची घडी घातली. "सकाळी सातला दार उघडताच मी टाकला होता."

मी रडायला लागले. मिसळ, मैत्रीण, रिलीज, सगळं एकदम तोंडातून यायला लागलं. ट्रामची घंटापण. मी इथे राहून राहून एकटी पडले होते, असंही म्हटलं. कुणाला म्हटलं, बघा. थोड्या वेळानं लक्षात आलं की तो हात वर करून उभा आहे. मी गप्प झाले.

"मला व्याकरणाची एक शंका आहे," तो म्हणाला. आवाज अगदी रविवारच्या सभेतला. "आम्ही म्हणायला कमीत कमी किती माणसं लागतात?"

"दोन," मी म्हटलं.

"मग ते चुकलं माझं. एकटाच असेल तर?"

मला सांगायचं नव्हतं. पण तो वाट बघत उभा होता.

"मी," मी म्हटलं.

"मी हरलो." त्यानं सावकाश म्हणून बघितलं, तोंडात शब्द नीट बसतात का ते बघावं तसं. "मी हरलो. आता बरोबर आहे?"

"बरोबर आहे," मी म्हटलं.